सुकलूच्या नावानं

लटारूभाऊ बर्मातून परत आला तेव्हा गावात त्याला तोंडावरून ओळखणारी मी एकटीच उरले होते. पहिल्या इलेक्शनच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मूल गावच्या स्टेशनावर उतरून तो आणि त्याची पोरगी कोणाच्या तरी तणसाच्या गाडीवर बसून आले. गावाच्या तोंडाशी येताच हा गडी खाली उतरला, चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला लावली. पोरीच्याही लावली. त्या जागी लोक शेळ्या बांधत. पण इतक्या दुरून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार? मी तांब्याभर पाणी दिलं आणि म्हटलं, "तोंड धुऊन घे भाऊ."

लटारू माझा चुलतभाऊ. मिशी फुटायच्या आत तो सिरोंच्याकडच्या एका मिस्त्रीच्या मागं बर्मात गेला, मौलमीनच्या धानगिरणीत पोती उचलायला. तिथंच त्याचं लग्न झालं, तिथंच बायको लढाईच्या सालात तापानं गेली. पुढं बर्मी लोकांनी आपलं राज्य घेतलं आणि याच्यासारख्यांना विचारायला लागले, की तुम्ही अजून इथं काय करता.

"तिथी आपल्याले कला म्हणते," त्यानं सांगितलं. "कला म्हंजे परका. जनम काढा, तरी कला. मी रंभेले म्हणो, माय, आपला देश हाय. तिथी आपल्याले कोणी परकं म्हणत नाई."

तो हे सांगत होता तेव्हा गल्लीतली पोरं दारातून डोकावून "रंगूनवाली, रंगूनवाली" करत होती.

रंभा तेव्हा विशीची असेल. नाव लटारूच्या आईचं, म्हणजे माझ्या मोठ्या मायचं. पोरीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि बोलायला लागली. ती मेलेल्या म्हाताऱ्यांसारखी बोलत होती. बाप जे शब्द घेऊन जहाजात चढला होता तेवढेच तिच्याजवळ होते. आमच्या पोरी तोवर पोलक्याला झालर लावायला लागल्या होत्या, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिलेल्या नाटकाची गाणी धुणं धुताना म्हणत होत्या. ही मात्र लुगडं पोटरीवर नेसायची, जेवताना बोलायची नाही, पोळ्याला बैलाच्या आधी तोंडात घास घालायची नाही, सूर्य बुडाल्यावर झाडाचं पान तोडायची नाही. आम्ही हे सगळं कधीच सोडून दिलं होतं, आणि कधी सोडलं तेही आता कोणाला आठवत नव्हतं.

माझी सून कमळा हसायची. "बाई, तुमची सासू वापस आली," म्हणायची.

एक दिवस रंभा विहिरीवर दोर ओढत होती. दोन्ही हातांतल्या चार-चार बांगड्या वर सरकल्या आणि तिचं डावं मनगट मला दिसलं. कोपरापासून खाली सगळा हात गोंदलेला. वर चूल होती, विंचू होता, धानाचं लोंब होतं. ते ठीकच. पण खाली मनगटाशी दोन आडव्या रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये कोंडलेला एक ठिपका.

आमच्या गावाकडं ही खूण एकाच तऱ्हेच्या बाईच्या हातावर असते. नवरा मेला आणि बाई दुसऱ्याशी पाट लावायला मोकळी झाली, म्हणजे गोंदणारीण ती खूण टाकते. ठिपका म्हणजे मेलेला नवरा. त्याला दोन रेघांत कोंडायचं, म्हणजे तो बायकोच्या मागं मागं नव्या घरात येत नाही.

मी घागर तिथंच ठेवून लटारूकडं आले. तो अंगणात खाटेवर बसला होता.

"भाऊ, रंभेचं लगन झालं होतं का?"

"काऊन?"

"हातावर पाटाची खूण हाय."

तो हसला. "थे माझ्या मायच्या हातावरचं हाय. तिथी आपली गोंदणारीण कुठी भेटन? एक बर्मी बुवा होता, माणसांच्या मांड्यांवर वाघ काढे. त्याले मी कोळशानं फळीवर मायचा हात काढून देल्ला. एक रेघ चुकवली नाई वच्छले. माय म्हणे, बिनागोंदणाच्या पोरीच्या हातचं पानी कोणी पेत नाई."

एवढ्या कौतुकानं तो सांगत होता.

"मोठी माय पाटाची होती, भाऊ," मी म्हटलं. "तुया बापाच्या आधी तिले एक नवरा होता. देवीच्या साथीत गेला. पोरांले हे कोणी सांगत नाई. तुले ठाऊक होण्याच्या आधी तू गेला."

"माय?"

"हो."

तो आपल्या हाताकडं पाहत राहिला, जशी काही खूण त्याच्याच हातावर होती. मग म्हणाला, "मंग थो ठिपका..."

"थो थोच."

तिकडून रंभा डोक्यावर घागर घेऊन आली, माझी राहिलेली घागरही कडेवर. बापाचं तोंड पाहून तिनं विचारलं, "बाबा, छाती दुखून राह्यली का?" तो म्हणाला, "हो माय."

ते खोटंही नव्हतं. गिरणीचा कोंडा त्याच्या छातीत बसला होता. खोकला म्हणजे फडक्यावर रक्त यायचं आणि तो फडकं पोरीपासून लपवायचा. त्याच्या वाट्याची जमीन त्याच्या भावांनी कधीच विकून खाल्ली होती. ते भाऊही मेले होते, त्यामुळं भांडायलासुद्धा कोणी नव्हतं. घर म्हणाल तर माझ्या मुलाचं, डोमाचं, म्हणजे कमळाचं. मीच तिथं विचारून तूप वाढून घेत होते. कमळा मनानं वाईट नाही, पण एक दिवस तिनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "बुढा हाय तोपर्यंत ठीक हाय, बाई. मंग थ्या पोरीले कोण पोसन? लोक मले विचारते, तुयी कोण लागते. मी का सांगू?"

म्हणून लटारूच्या डोळ्यांदेखत पोरीला घर मिळणं भाग होतं. परत जायला देश नव्हता, राहायला दार नव्हतं. मी तिच्या दोन्ही हातांत बाजारातून आणलेल्या आणखी हिरव्या बांगड्या चढवल्या, मनगट पार बुजून जाईपर्यंत. "काऊन इतल्या, आत्या?" तिनं विचारलं. "आता अशाच घालते," मी म्हटलं. रीत म्हटलं की ती पुढं विचारत नसे.

चिमूरकडचं एक स्थळ चालून आलं. बापूजी म्हणून तिथले मोठे शेतकरी होते, बेचाळीसच्या दंग्यात जेलात जाऊन आलेले. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहत होते. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पोरगी पाहू, असं ठरलं. आम्ही गाडी जुंपली, वैनगंगेच्या वाळूतून पलीकडं उतरलो. देवळांच्या खाली, नदीकाठच्या झाडाखाली बापूजी आणि त्यांची बायको रुखमाबाई सतरंजी टाकून बसले होते.

बापूजींनी लटारूला वरून खाली न्याहाळलं. "बेचाळीसमंधी आमी इथी लाठ्या खाल्ल्या. तुमी कुठी होते?"

"मौलमीनले बॉम्ब पडून राह्यले होते जी. पोरीले पोटाखाली घेऊन नालीत पडलो होतो."

"म्हंजे इंग्रजाच्या बाजूनं?"

"नालीच्या बाजूनं."

आजूबाजूचे हसले. बापूजीही हसले आणि पानाचा डबा पुढं केला. लटारूला धीर आला. स्वराज्य झालं त्या दिवशी गिरणीपुढं आपल्या लोकांनी झेंडा लावला आणि रंभा कशी रडली, ते तो सांगायला लागला. इकडं रुखमाबाईनं रंभेला जवळ घेतलं होतं. पोरीनं पदर सावरून पाय धरले, विचारलं त्याचं खाली मान घालून उत्तर दिलं. दोन बोलणी झाली आणि रुखमाबाईचे डोळे भरून आले. "माझी माय अशीच बोले व," ती मला म्हणाली. "असं बोलनं आता आयकाले भेटत नाई. बर्मात जाऊन तुमी जपलं, आमी इथी राहून गमावलं."

मी मनात मार्कंड्याला नारळ बोलले.

तेवढ्यात रुखमाबाई उठली. "चाल माय, तुया हातात बांगड्या भरू."

पोरगी पसंत पडली की सासू आपल्या हातानं नेऊन बांगड्या भरते. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. माझ्याही सासूनं भरल्या होत्या, ह्याच जत्रेत. पण लपवायच्या नादात माणूस किती आंधळं होतं पाहा. नव्या बांगड्या भरायच्या तर जुन्या उतरवाव्या लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आहे त्याच्यावरच भरा ना," मी मागं मागं जात म्हटलं.

"जुन्यावर नव्या भरते का कोणी? तुमच्या गावानं रीत सोडली का, वच्छलाबाई?"

बांगडीवालीनं रंभेचा हात मांडीवर घेतला. पोरगी लाजून दुसरीकडं पाहत होती. एकेक बांगडी उतरत गेली. शेवटच्या दोन-तीन उरल्या तेव्हा बांगडीवाली थांबली आणि तिनं रुखमाबाईकडं पाहिलं. रुखमाबाईनं वाकून पाहिलं. ओरडली नाही. फक्त विचारलं, "किती दिवस झाले, माय, त्याले जाऊन?"

"कोनाले जी?" रंभा म्हणाली.

मग पुरुष उठून आले. लटारूनं खरं ते सांगितलं. आईचा हात, कोळसा, फळी, बर्मी बुवा. बापूजी ऐकत राहिले आणि त्यांचं तोंड बदलत गेलं.

"बर्मी मानसानं? कुवाऱ्या पोरीचा हात धरून?"

"मी बाजूले बसलो होतो जी."

"कितीक वेळ धरला?"

लटारूला खोटं सुचलं नाही. "दिवसभर," तो म्हणाला.

मागं कोणीतरी फिसकन हसलं. रुखमाबाईनं पदर सावरला आणि बांगडीवालीला सांगितलं, "हिच्याच हिले घालून दे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

गाडी वाळूतून परत निघाली. लटारू खोकत होता. रंभा माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आत्या, मी का चुकली?"

"काई नाई, माय."

"मंग त्यायनं काऊन सोडलं?"

तेव्हा मी तिला त्या ठिपक्याचं सांगितलं.  आजीचं लेणं म्हणून तो हात तिनं आजवर चार चांगल्या बायांसारखा मिरवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दिसेना. गोठ्यामागं गेले तर ही तिथं बसलेली, डाव्या हातातल्या बांगड्या उतरवून बाजूला ठेवलेल्या. आम्ही जंगलातून आणून वाळत घातलेले बिबे तिनं विस्तवावर धरले होते आणि त्यांचं तेल मनगटावर पिळत होती. ओठ दातांखाली. कातडी फसफसून वर आली होती. मी हात ओढला, खोबऱ्याचं तेल ओतलं, पण बिबा एकदा अंगात शिरला की ऐकत नाही. कोपरापर्यंत हात सुजला, ताप चढला. लटारू तिच्या उशाशी बसून "मी फळीवर काढलं, मीच काढलं" एवढंच म्हणत राहिला.

खपल्या पडल्या. कातडी डागाळली. धानाचं लोंब पुसलं, विंचवाची नांगी गेली. दोन रेघा आणि ठिपका जसेच्या तसे. बर्मी बुवानं सुई खोल घातली होती. काम पक्कं होतं त्याचं. मी बांगड्या पुन्हा चढवल्या.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा बापूजी स्वतः आमच्या दारात आले. माणूस अगदीच कठोर नव्हता. अंगणात खाटेवर बसून त्यांनी सरळच सांगितलं. मुखरू म्हणून त्यांचा एक भाऊबंद होता, बायको बाळंतपणात गेलेली, घरात दोन लहान लेकरं. तो पाट लावून न्यायला तयार होता.

"पन एक गोठ ध्यानात ठेवा, लटारूभाऊ," बापूजी म्हणाले. "पाटाची बाई आपल्या जातीत चालते. बर्मी मानसानं हात धरलेली कुवारी पोरगी चालत नाई. जत्रेत तुमी जे बोलले थे लाजेपायी बोलले, असं मी लोकांले सांगीन. पोरीचा नवरा तिकडं मेला. एवढं तुमी म्हना, बाकी मी पाह्यतो."

लटारूनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. रंभा दाराआड उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "बाबा, आपून खोटं बोलत नाई म्हणत होते तुमी."

"थे तिथचं होतं, माय," लटारू म्हणाला.

बापूजींनी ते ऐकलं न ऐकलं केलं. "मेला त्याचं नाव का होतं?"

आता नाव कुठून आणायचं? लटारूची नजर अंगणभर फिरली आणि गोठ्यातल्या मोकळ्या दावणीपाशी थांबली. "सुकलू," तो म्हणाला.

सुकलू आमचा बैल. दिवाळीच्या आधी मेला होता. मी पदराचं टोक दातांत धरलं. हसू येत होतं की काय येत होतं, मला आजही सांगता येणार नाही.

"कशानं गेला?"

"पोट फुगून."

"जवान होता?"

"कामाच्या उमरीचा होता जी."

"देवाची मर्जी," बापूजी म्हणाले. मग थोडं थांबून, "पन पोरीच्या हातात बांगड्या हाय. ठिपका हाय, पन थ्या नवऱ्याच्या नावानं फुटल्या नाई त थो मागं येते. मुखरूच्या घरी लेकरं हाय. आधी रीत झाली पाह्यजे."

म्हणजे नवरी होण्याआधी पोरीला विधवा करायचं होतं. आणि ते करणार कोण? ज्या बाईचा नवरा गेलेला आहे ती. घरात तशी मीच.

पाटाच्या दिवशी दुपारी चिमूरकडच्या बाया आल्या, रुखमाबाई पुढं. परसात चिंचेखाली दगड ठेवला होता. रंभा आंघोळ करून पांढऱ्या लुगड्यात येऊन बसली. डागाळलेला हात तिनं मांडीवर ठेवला. मी तिच्याजवळ वाकले, तर ती माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, कोनाच्या नावानं रडू?"

"सुकलूच्या."

"थो कसा होता?"

बाया पाहत होत्या. मी तिचे केस मोकळे करायच्या निमित्तानं हळूच सांगितलं, "गरीब होता. मारत नव्हता. हाक देल्ली का मान वर करे."

तिनं मान हलवली, जसं काही पाठ करून घेतलं. मग मी तिचे हात दगडावर धरले आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या. मीच आणलेल्या, मीच चढवलेल्या. इतक्या होत्या, की फोडता फोडता सरेनात. एक काच तिच्या बिब्याच्या डागात शिरली आणि रक्त आलं. तिच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. ती नुसती त्या काचांकडं पाहत होती.

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. "डोयाले पानी नाई व." "नवरा मेला म्हनते आन पोरगी दगडावानी." रुखमाबाईच्या कपाळाला आठी पडली होती.  एवढं करून हे खोटं उघडं पडलं, तर त्यानंतर ह्या पोरीला कोणी दारात उभं करणार नव्हतं. कमळासुद्धा.

लटारू मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता. पुरुषानं तिथं येऊ नये. पण तो आला होता. "रड माय," तो म्हणाला. "मी हात जोडतो तुयापुढं. रड."

पोरीनं बापाकडं पाहिलं. तिचं तोंड उघडलं, आणि आतून जे निघालं ते आमचं बोलणं नव्हतं. आखूड आखूड शब्द होते, नाकातून येणारे, वर चढून मध्येच तुटणारे. मी ती बोली तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ती जमिनीवर पडली, काचांवर पडली, कोणाला तरी हाका मारत राहिली, पुन्हा पुन्हा तेच ते. दोघी-तिघींनी तिला आवरायला हात घातले, तर त्याच रडायला लागल्या. रुखमाबाईनं धावत येऊन तिचं डोकं छातीशी धरलं. "उगी माय, उगी. कित्ती माया होती व त्याची तुयावर." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मले वाटलं होतं यायच्यात काई खोटं हाय. पाप लागलं मले. असं रडनं नवरा मेल्याबिगर येत नाई."

तिला घरात नेलं. आत बाया तिच्या जखमा धूत होत्या, तिला गूळ-पाणी पाजत होत्या, आपल्यातली म्हणून दटावत होत्या. मी काचा गोळा करत परसात राहिले. लटारू चौकटीपाशीच खाली बसला होता. ती बोली इथं त्याच्याशिवाय कोणालाच कळत नव्हती.

"भाऊ, का म्हणत होती?"

तो खोकला आवरायला थांबला. "आमच्या बाजूले एक बर्मी बुढी राहे. बायको मेल्यावर तिनंच हिले वाढवलं. तिले हाका मारत होती."

"का म्हणून?"

"दार उघड म्हणे. मी आली, दार उघड."

"आनखी?"

"तेवढंच." त्यानं फडक्यानं तोंड पुसलं आणि फडकं लपवलं नाही. "मी घरात थे बोली बोलू देत नव्हतो वच्छले. एक शबद काढला तरी मारो. मले वाटे, भुलली असन."

आतून रुखमाबाईनं हाक दिली, की पाहुणे सांजच्याला येतील, तयारी झाली का. मी काचा ओच्यात घेऊन उठले. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी काढून ठेवायचं होतं, कमळा चुलीपाशी अडकली होती, आणि विहिरीवर जायला आज मी एकटीच होते.